भिंतीवरची आणि खालची

—नाही, साहेब अजून फोनवरच आहेत. बसा त्या बाकावर. पाय तेवढे वर घ्या, फरशी ओली आहे. तक्रार करायची ना? खालच्या कॅन्टीनमधल्या काउंटरवरच्या पोरीची? करा की. मी कोण अडवणार, मी पुसणारी बाई. पण बसलाच आहात तर समोर बघा जरा. हे चित्र बघायला लोक कुठून कुठून या म्युझियममध्ये येतात. तुम्हीही त्याच्यासाठीच आलात— सकाळी बघितलं ना मी, डोळ्याला रुमाल लावून उभ्या होतात. मैत्रिणीला म्हणालात, किती एकटी आहे गं बिचारी. मी इथंच होते, बादली घेऊन. आम्ही कुणाला दिसत नाही, पण कान शाबूत असतात आमचे.

तर काय आहे हो यात? मोठ्या शहरातलं दारूचं काउंटर. मागं भिंतभर आरसा, आरशात दिवे, झुंबरं, चैन करायला आलेली माणसं. पुढं बाटल्या. आणि मध्ये ही— दोन्ही हात काउंटरवर टेकवून, नजर कुठं तरी लांब. गाईड रोज पोपटासारखं सांगतो की शहर बाहेरून झगमगतं आणि त्यात राबणारं माणूस आतून रिकामं होतं, ते चित्रकारानं या डोळ्यांत पकडलंय. डोंबल पकडलंय. कामावर असं हात टेकून उभं राहायला मिळतं कुठं? गिऱ्हाईक नसलं तर काच पूस, काच झाली तर कप धू, कप झाले तर पुन्हा काच. हिच्या अंगावर एक डाग नाही, वर गळ्याशी फूल खोचलंय. आणि पाय? पाय काढलेच नाहीत त्यानं. सगळं दुखणं तिथंच असतं, नेमकं तेच काउंटरच्या आड. घरी आल्यावर गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसते, जेव म्हटलं तरी उठत नाही— कोण? कुणीही. असल्या कामावरची कुणीही, जगाची रीत सांगतेय.

आणि आरशातला तो कोपऱ्यातला टोपीवाला दिसला का? तिच्या अगदी तोंडाशी आलाय बघा. गाईड म्हणतो, हा नक्की कुठं उभाय याचं मोठं कोडं आहे, शिकलेली माणसं त्यावर भांडतात. भांडू देत, रिकामटेकडी मेली. असले कुठंही उभे राहतात. पोरीनं हसून चहा दिला की यांना वाटतं आपल्यालाच हसली. मग रोज येणार. सुट्टे पैसे देताना बोट धरून ठेवणार. मग सुटायच्या वेळी दाराशी उभे. सुरुवातीला सगळ्यांशी हसायची हो ती, सगळे दात दाखवून. मीच म्हटलं, दुकानाचं शटर ओढतात ना, तसा चेहरा खाली ओढ. कप ठेवायचा, पैसे घ्यायचे, नजर लांब. आरशासमोर बसवून करून घेतलं तिच्याकडून. हसली की परत पहिल्यापासून. आता जमतं तिला. आता घरीही ते शटर वर जात नाही.

बघू नका असं माझ्याकडे. हो, माझीच आहे, पोटची. साहेबांना ठाऊक नाही. नात्यातली माणसं ठेवत नाहीत इथं, कळलं तर दोघींनाही घरी पाठवतील. आणि तिच्याबद्दल साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय— तोंड वाकडं असल्याची आणखी एक तक्रार आली, की हिचं काम संपलं. ती एक तुमच्या तोंडात आहे आत्ता. काय सांगणार? तुमच्याकडे बघून हसली नाही म्हणून? तोच चेहरा हो बाई. भिंतीवर होता तेव्हा बिचारी. हातात कप दिला तेव्हा उद्धट. तिकीट काढून रडता आणि चहा फुकट गोड मागता.

हे बघा, दार उघडलं. झाले साहेब मोकळे. जा की आता, थांबलात का? काय सांगायचं ते सांगा, मी पाया पडणार नाही.

अहो, ऑफिस इकडं. तिकडं कुठं निघालात— तो जिना कॅन्टीनला जातो. तिच्याकडे? कशाला? माफी मागायला? नको, नको. काही गोड बोलायला जाऊ नका तिच्याशी. तुम्ही मायेनं दोन शब्द बोलाल, पोर चुकून हसेल. आणि तो तिचं बोट धरून ठेवणारा माणूस खाली कोपऱ्यातल्या टेबलाशी अजून बसलाय, सकाळपासून.

बाहेरचं दार डावीकडं आहे. निघा. आणि ओल्यावर पाय देऊ नका, आत्ताच पुसलंय.