तात्यांनी पारखलेली गन

तुमी पुण्याला काय बी घ्यायला जा, फक्त आमच्या सासऱ्यांना, तात्यांना, बरोबर नेऊ नका.

माझं पेठला टायरचं दुकान. चाकाचे नट खोलायची-आवळायची बॅटरीवरची गन तवा नवीच निघाली व्हती. घ्यायला निघालो, तर तात्या टेम्पोत येऊन बसले. बेल्ह्याच्या बैलबाजारात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "डिस्काउंट मी काढतो."

दुकानात दोन गन व्हत्या. एक पुऱ्या किमतीला, दुसरी निम्म्या. तात्यांनी उपरणं हातावर टाकलं आणि त्याच्याखाली दुकानदाराची बोटं धरली, बैलाचा भाव ठरवतात तशी. त्यानं हात सोडवून घेतला.

"काका, किंमत खोक्यावर लिहिलीय."

"मग स्वस्तातली चालवून दाखवा शेठ. बैल बी आमी जुंपल्याबिगर घेत न्हाई."

बाहेर आमचाच टेम्पो उभा. पुढच्या चाकाचे नट झटक्यात सैल झाले. तात्या खूश. "आता मागचं." मागचे बी सैल झाले आणि गनची बॅटरी उतरली.

"चार्ज करा," मी म्हणालो.

"हिचा चार्जर वेगळा घ्यावा लागतो. सध्या शिल्लक नाही."

नट आवळायचा पाना मी घरी ठेवून आलो व्हतो. गन तर आणणारच व्हतो.

दुकानदार आत जाऊन पुऱ्या किमतीची गन घेऊन आला. शांतपणे तात्यांच्या खांद्यावरचं उपरणं उचललं, स्वतःच्या हातावर टाकलं आणि हात पुढं केला.

"हं काका, आता बोला."