खालच्या आळीतलं बारसं

मारुतीराव : कोंबड्याचं काय करायचं तेवढं सांगा, साहेब. बैलांच्या घुंगुरमाळांत चिंध्या कोंबल्या, भजनाचे टाळ चावडीत कुलपात घातले. कोंबडा तेवढा ऐकंना झालाय.

उपेंद्र : कोंबडा राहू द्या, पाटील. आरवणं आम्ही संगीतात धरलेलं नाही.

मारुतीराव : बरं झालं. ही मनुआक्का आलीया. खालच्या आळीतली, बिनगाण्याच्या.

उपेंद्र : या, आजी. काय अडचण आहे?

मनुबाई : नातीचं बारसं ऱ्हायलंय, सायेब. दोन म्हयनं झालं. पाटील पाळणा म्हणू देत न्हाईत.

उपेंद्र : बरोबर आहे त्यांचं. शाळेत गाणं शिकवावं की नाही, हे गोऱ्या साहेबांना ठरवायचंय. म्हणून वरच्या आळीतल्या मुलांना रोज गाणं, आणि खालच्या आळीत सहा महिने सूर पडू द्यायचा नाही. मग दोघांचं गणित तपासायचं.

मनुबाई : माझी नात शाळंत जात न्हाय. तिला दात बी न्हाईत अजून.

उपेंद्र : शेजारची मुलं जातात ना. ती भिंतीपलीकडून ऐकतील.

मारुतीराव : जरा कळ काढ, आक्का. प्रयोग नीट पार पडला की आपल्या बेळगुंदीच्या शाळंला बाजाची पेटी मिळणार हाय. सरकारी पेटी.

मनुबाई : आन् गाणं नको असं ठरलं तर?

मारुतीराव : व्हय की, साहेब. नको ठरलं तर?

उपेंद्र : तर पेटी कशाला लागेल?

मारुतीराव : हे मला आधी कुणी बोललं न्हवतं.

उपेंद्र : आजी, पाळणा नुसता वाचला तर चालेल. चाल लावायची नाही.

मनुबाई : वाचला की परवा. ह्या पाटलांनीच वाचला, दवंडी दिल्यागत. पोरगी भ्याली, प्यालेलं दूध वकली.

मारुतीराव : सुरात जाऊ नये म्हणून लई जपून वाचत होतो.

उपेंद्र : मग वरच्या आळीत जाऊन करा बारसं.

मनुबाई : लोकाच्या आढ्याला माझ्या नातीचा पाळणा? न्हाय जमायचं. ऐका, सायेब. हिच्या आदीचा पोरगा बारशाआदीच गेला. सून अजून रडती त्याच्यासाठी, पर काय म्हणून हाक मारावी ते तिला कळत न्हाय. ही बी कालपासनं तापानं फणफणलीया. हिला मी बिननावाची जाऊ देणार न्हाय.

उपेंद्र : एक सूर निघाला तरी सगळं संशोधन वाया जाईल, आजी.

मनुबाई : मग जाऊ दे की.

उपेंद्र : पाळणा बांधलाय का?

मनुबाई : कवाच. बाया तोंडाला पदर लावून बसल्यात.

उपेंद्र : चला. मीही येतो.

मारुतीराव : साहेब, पेटी?

उपेंद्र : चला हो, पाटील.

(खालच्या आळीत बायका पाळणा म्हणतात. आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते.)

मारुतीराव : पार वरच्या आळीपतोर ऐकू गेलं. आता कागदावर काय लिहू?

उपेंद्र : प्रयोग मोडला, असं लिहा.

मारुतीराव : कुणी मोडला ते बी लिहावं लागतंय. नाव कुणाचं घालू?

मनुबाई : लिवा. कल्याणीनं मोडला.