मागच्या बाजूची अमेर्ली

(अक्रा, चोरकोरचा किनारा. लांतेची एडिटिंगची खोली. त्याची आत्या अमेर्ली हिच्या हातात डोळ्यांना लावायचा व्हीआर चष्मा.)

लांते : या कलेत प्रेक्षक पूर्ण स्वतंत्र असतो, आत्या. चारही बाजूंना चित्र. कुठे बघायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आम्ही कुणाची मान धरत नाही.

अमेर्ली : मग काल तुझी फिल्म बघताना आपल्या वस्तीच्या प्रमुखांची मान सगळा वेळ अयोर्कोरकडेच कशी होती?

लांते : त्यांना तिचं काम आवडलं असेल.

अमेर्ली : मासळीबाजाराची राणी, सगळ्या विकणाऱ्या बायकांची मुख्य, निवडायची, म्हणून त्यांनी आम्हा दोघींचं काम बघायला मागितलं. तू म्हणालास, दोघीही प्रत्येक दृश्यात आहात. आहे की मी. आत्ता चष्मा लावला तर माझाच आवाज पाठीमागून आला. वळून बघते तर भट्टीवर माशांना धुरी देत मी उभी. एकटी.

लांते : बघ, वळलीस की दिसलीस.

अमेर्ली : आणि प्रमुख वळतात? गादीवर बसलेला प्रमुख मागे बघत नाही, हे इथल्या शेळ्यांनाही माहीत आहे. मागे काही घडलं तर त्यांचा काठीवाला, त्यांच्या वतीनं बोलणारा, पुढे येऊन सांगतो. काठीवाल्याला दिला होतास चष्मा?

लांते : एकच होता.

अमेर्ली : केलंस कसं, ते तरी सांग.

लांते : सोपं असतं. दृश्य संपताना माणूस जिथे बघत असतो, पुढचं दृश्य फिरवून नेमकं तिथे हवं ते ठेवायचं. त्याला वाटतं, आपणच बघितलं.

अमेर्ली : आणि दर वेळी तिथे अयोर्कोर.

लांते : तिच्या मुलीशी माझ्या लग्नाची बोलणी चालली आहेत. अयोर्कोर म्हणाली, राणीच्या घरचा जावई झालास तर तुलाही शोभेल.

अमेर्ली : तुझी आई गेल्यावर तुला पाठीला बांधून मी त्याच भट्टीवर उभी राहायचे. तेव्हा मागे तू होतास. मी सारखी वळून बघायचे.

लांते : मी सगळं परत कापतो, आत्या. तुला समोर आणतो. निवडीच्या आधी एकदा पुन्हा दाखवू त्यांना.

अमेर्ली : राहू दे. निवड सकाळीच झाली. मी तिकडूनच आले.

लांते : अयोर्कोर?

अमेर्ली : प्रमुखांची मेव्हणी. ती तुझ्या फिल्ममध्ये कुठेच नाही. शूटिंगच्या दिवशी तिला मलेरिया झाला होता.