हिच्या टेबलावरचा हेडसेट

हसू नका, पण चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून मला एक हेडसेट लॅपटॉपपासून तोडता येईना. हेडसेट हिचा, ब्लूटूथवाला. ही जाऊन आठ महिने झाले, तरी लॅपटॉप उघडला की आवाज थेट आतल्या खोलीत, हिच्या टेबलावरच्या हेडसेटमध्ये. व्हिडिओ कॉलवर मुलगी नुसतेच ओठ हलवते.

शेवटी विश्रांतवाडीहून भाचा आला. लॅपटॉपमधून हेडसेटचं नाव काढून म्हणाला, "मामा, आता कायमचा सुटला. पण एवढ्या महिन्यांत याची बॅटरी कशी संपली नाही? चार्ज कोण करतं?"

मी म्हणालो, "माझं चुकतही असेल. पण ही रोज सकाळी चार्ज करून, चालू करून ठेवायची. म्हणून मीही ठेवतो."

चहा घेऊन तो निघाला. उद्यापासून ठेवायचा की नाही, हे मात्र त्याला विचारायचं राहिलं.