कोपराला टेकू

(वकीलबाईंचं ऑफिस, दुपार. उद्या भरपाईच्या दाव्याची सुनावणी आहे. दावा लावणारी बाई केस कापण्याचं पार्लर चालवते. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा.)

वकील : नाही ताई, पुन्हा चुकलंत. ‘बहुतेक’ म्हणायचं नाही. दुखायला कधी लागलं?

बायको : लस घेतली त्याच संध्याकाळी.

वकील : असं. ठाम.

बायको : ठामच होतं. ‘बहुतेक’ आपलं सभ्यपणानं म्हटलं.

नवरा : वकीलबाई, ही गिऱ्हाइकांशीही अशीच बोलते. तरी लोक ताटकळत बसतात.

बायको : तुम्ही गप्प बसा हो.

वकील : सुई खांद्यात एवढ्या वर कशी लागली?

बायको : बाही घट्ट होती, वर सरकेना. नर्स म्हणाली, आत जाऊन कपडा काढता का? मी म्हटलं, एवढ्याशा सुईसाठी कसले सोपस्कार! गळ्याकडून ओढून खांदा उघडा केला. बाहेर ही गर्दी, ती बिचारी घाईत. जेवढा खांदा दिसला त्यातच तिनं टोचलं. दंडात जायची सुई सांध्याशी गेली.

वकील : छान. अगदी असंच सांगा.

बायको : पण त्या पोरीची नोकरी जाणार असेल तर मी बोलणार नाही. आणि लस वाईट होती असंही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. आमच्या गल्लीतले काही जण आले होते, लशीच्या विरोधात सभेत बोला म्हणाले. मी पिटाळून लावलं.

वकील : कोणाची चूक, हे लशीच्या त्रासाची भरपाई देणारे निधीवाले विचारतच नाहीत. त्यांना दोन गोष्टी कळायला हव्यात. दुखणं लशीनंतर लगेच सुरू झालं, आणि ते गेलं नाही. आता मी पलीकडची वकील. तयार?

बायको : या.

वकील : बाई, लस घेतल्यावर तुम्ही पार्लर किती दिवस बंद ठेवलंत?

बायको : नाही ठेवलं.

वकील : एक दिवसही नाही?

बायको : गिऱ्हाईक तुटतं.

वकील : केस कापायचे, ड्रायर धरायचा, नवरीचे केस बांधायचे. सगळं हात वर करूनच ना?

बायको : हो.

वकील : म्हणजे तुमचा हात वर जातो.

बायको : पंखा जरा वाढवता का?

वकील : ताई, उद्या तिथे असा विषय टाळलात तर आटोपलंच. ते म्हणतील, बाईंना काही झालेलंच नाही. आणि झालंय म्हटलं, तर वर्षानुवर्षं कात्री चालवून खांदा झिजला, लशीचा काय संबंध? बोला. जातो की नाही?

बायको : जातो. थोडासा.

वकील : थोडासा म्हणजे किती? उभ्या राहा. त्या वरच्या फळीवरची निळी फाइल काढा बघू. उजव्या हातानं… अहो, तुम्ही कशाला उठलात?

नवरा : मी? उगाच आपलं.

वकील : आणि त्यांच्या कोपराखाली हात कशाला धरलाय?

नवरा : सवयीनं.

बायको : अहो!

नवरा : गेलं तोंडातून.

वकील : कसली सवय?

बायको : काही नाही हो. त्यांना उगाच मधेमधे करायची खोड आहे.

वकील : ताई, मी त्यांना विचारतेय.

नवरा : मी तिच्या मागे उभा राहतो. तिचं कोपर माझ्या तळहातावर. ती कापते, मी उचलतो. आता सांगावंही लागत नाही तिला. खांदा जरासा पुढे आला की मला कळतं, वर न्यायचाय.

वकील : रोज?

नवरा : दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत.

वकील : आणि समोर एवढा मोठा आरसा. लोकांना दिसत नाही?

नवरा : दिसतं की! त्यांना वाटतं, ह्या वयात प्रेम उतू चाललंय. एक आजी तर घरी जाऊन नवऱ्याला ऐकवतात म्हणे, बघा जरा पार्लरवालीच्या नवऱ्याकडे.

बायको : मीच तसं भासवलं. ‘काय करू बाई, सोडतच नाहीत’ म्हणायचं आणि हसायचं. सगळ्या हसतात. कोणी पुढे विचारत नाही.

वकील : आणि हे तुम्ही मला आज सांगताय! अहो, हाच तर आपला पुरावा.

बायको : पुरावा तुमचा, पोट आमचं. उद्या चारचौघांत सांगितलं की हात कामातून गेलाय, तर परवा माझ्या कात्रीखाली डोकं कोण देईल? मी लोकांच्या कानाशी वस्तरा चालवते. चौकातली ती नवी दुकानवाली टपूनच बसलीय.

नवरा : अगं, पण…

बायको : तुम्ही शब्द दिला होतात.

नवरा : दिला होता. पाळलाही. पण आता माझ्याच्यानं होत नाही.

बायको : काय होत नाही?

नवरा : परवा त्या लांब केसांच्या बाई आल्या होत्या. कात्री घसरली. तू त्यांची माफी मागितलीस.

बायको : माझाच हात घसरला होता.

नवरा : माझा. मनगट सुजलंय. म्हणून तर मी हल्ली लांब बाह्या घालतो.

वकील : तुम्ही गोदामात नोकरीला होतात ना?

बायको : काम कमी आहे म्हणून घरी बसवलंय. बोलावतील परत.

नवरा : नाही बोलावणार.

बायको : का?

नवरा : मीच सोडली.

बायको : कधी?

नवरा : तू पहिल्यांदा कात्री खाली टाकलीस आणि नळ सोडून बाथरूममध्ये रडत बसलीस. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगून आलो.

बायको : मला म्हणालात, मंदी आहे.

नवरा : खरं सांगितलं असतं तर दुकानात पाऊल ठेवू दिलं असतंस?

बायको : तंगडी मोडली असती.

नवरा : मग?

वकील : ताई, पाणी देऊ?

बायको : नको. रडत नाहीये मी. राग आलाय मला. ह्यांचा, माझा, त्या मेल्या बाहीचा.

वकील : मग नीट ऐका. उद्या ते हात वर करायला सांगतील. ह्यांना मी मागच्या बाकावर बसवणार. सगळ्यांच्या देखत हात जिथे अडेल तिथे अडू द्यायचा. जमेल?

बायको : आणि दुकान?

वकील : भरपाई मिळाली तर कोणाला तरी पगारावर ठेवता येईल. तुम्ही सांगायचं, तिनं कापायचं. नाही मिळाली, तर बोभाटा व्हायचा तो होईलच. खोटी आशा दाखवत नाही.

नवरा : तू ठरव. म्हणशील तर उद्या तोंडाला कुलूप लावतो आणि परवापासून आहेच तुझ्या मागे उभा.

बायको : त्या सुजलेल्या मनगटानं?

नवरा : दुसरं आहे की.

बायको : चेष्टा सुचतेय तुम्हाला.

नवरा : नाही सुचत. खरंच आहे की दुसरं.

बायको : विचारा, वकीलबाई.

वकील : काय विचारू?

बायको : पलीकडची वकील होऊन विचारा. मघाचंच.

वकील : बाई, तुमचा हात वर जातो का?

बायको : हा बघा. इथपर्यंत.

वकील : आणि त्याच्या वर?

बायको : नाही जात.

वकील : मग इतके महिने लोकांचे केस कापलेत ते कोणाच्या जोरावर?

बायको : ह्यांच्या.

वकील : हात तसाच ठेवा. खाली घेऊ नका. तिथे सगळ्यांना दिसला पाहिजे.

नवरा : अगं, किती वेळ धरशील? थांब, मी…

बायको : बसा हो तुम्ही. किती दिवस उभे आहात.