यू-चेन, जेवलास का?

(ताइनान. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर प्रशिक्षणाची खोली, दुपारची वेळ. शिकवणाऱ्या लिआउबाईंनी वाटलेले जेवणाचे डबे उघडून मंडळी बसली आहेत. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत सात वर्षांचा यू-चेन, शेजारी त्याची आजी, आमा.)

आमा : पण माझा डबा कुठंय? सगळ्यांना वाटलात, मी काय भिंतीवरचं चित्र आहे?

लिआउबाई : आमा, सकाळी ठरलं ना आपलं? आज तुम्ही यू-चेन व्हायचं. त्याला भरवायची वेळ येईल तेव्हाच तुम्हाला डबा.

आमा : नातवाचं सोंग मीच घ्यायचं आणि वर उपाशीही मीच! बाई, पहाटे उठून माशाची पेज शिजवते मी. माझ्या गाड्यावरून रिकाम्या पोटी कोणी परत गेलेलं नाही अजून.

हुआंग : लिआउबाई, माझ्यातलं अर्धं देतो आमांना.

लिआउबाई : ठेव तो डबा खाली, हुआंग. यू-चेनला व्यायाम तू देतोस ना? समज, आज बुधवार आहे. सकाळी तो तुझ्याकडे आलाय. आमांना कधी भरवू?

हुआंग : माझ्याकडे येण्याआधी नको. पोट भरलेलं असलं, की व्यायामाच्या मोठ्या चेंडूवर पालथा घातल्याबरोबर ओकतो. त्याच्या आईला मी तसं सांगितलंय. माझं झालं की खुशाल भरवा.

लिआउबाई : तुझं झालं की दारात शाळेची गाडी उभी. गाडीत भरवू?

हुआंग : छे! धक्क्यानं ठसका लागला तर? शाळेत जेवतो की तो.

लिआउबाई : शाळेच्या नर्सबाई सकाळी इथं काय म्हणाल्या, ऐकलंस ना? दुपारी गिळण्याचा सराव घेणाऱ्या बाई येतात, त्यांना तो भुकेलाच लागतो. म्हणून नर्सबाई काही देत नाहीत. त्यांना वाटतं, दवाखान्यातून जेवून येतो.

हुआंग : पण सरावात तर खातो ना?

लिआउबाई : घट्ट केलेलं पाणी. चार चमचे.

आमा : आणि परतीच्या गाडीत झोपतो. झोपेत भरवू नका, असं तुम्हीच बजावलंय. रात्री उठतो तो भांड्यावर तुटून पडतो, आणि खाल्लेलं सगळं माझ्या अंगावर! मी म्हणते, सुनेच्या हातालाच गुण नाही. खालचा डॉक्टर म्हणतो, याच्या पोटात काही ठरत नाही. परवा पोटाला भोक पाडून भरवायची नळी घालणार आहेत.

हुआंग : थांबा... थांबा, आमा. म्हणजे सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, माझ्याकडे येतो त्या दिवशी...

आमा : काय झालं? बोटांवर काय मोजतोस?

हुआंग : त्याला दिवसभर कोणीच भरवत नाही. आम्ही तिघं मिळून त्याला उपाशी ठेवतोय.

आमा : काय बोलतोस रे? एवढे शिकलेले तुम्ही, एवढ्या खोल्या, एवढी यंत्रं!

हुआंग : शु-फन एकदा तरी बोलली असती...

आमा : माझ्या सुनेचं नाव घेऊ नकोस! ती तुमच्यापुढं बोलेल? पांढरा कोट दिसला की तिची मान आपोआप डोलते. तू म्हणालास रिकामं पोट, ती हो म्हणाली. गिळण्याच्या बाई म्हणाल्या भुकेला आणा, ती हो म्हणाली. सांगणारे तुम्ही तिघं, आणि हो म्हणणारी ती एकटी.

हुआंग : पण आमा, मी रोज विचारायचो. दारातून आला की पहिलं तेच. यू-चेन, जेवलास का?

आमा : मग? काय म्हणायचा तो?

हुआंग : तो... तो बोलत नाही, आमा.

आमा : तर मग कोणाला विचारत होतास? खुर्चीला?

हुआंग : सगळेच विचारतात तसं. कोणी भेटलं की नमस्काराऐवजी आपण तेच म्हणतो ना.

लिआउबाई : आज सकाळीही या दारातून येताना सगळ्यांनी विचारलं त्याला. मीसुद्धा.

आमा : आज त्याला सून भरवून गेली असणार.

लिआउबाई : असणार?

आमा : कारखान्याची पाळी होती तिची. मी गाड्यावर होते. तिला वाटलं असेल, इथं... इथं तुम्ही... अगं बाई.

हुआंग : लिआउबाई, मी खाली जातो. त्या डॉक्टरांना सांगतो, नळीचं इतक्यात नको, आधी हे ऐका.

लिआउबाई : ते म्हणतील, हे व्यायामवाल्याचं काम नाही.

हुआंग : मग कोणाचं आहे?

लिआउबाई : तेच शिकायला तर आलोय आपण. जा. नर्सबाईंनाही बरोबर ने.

आमा : ए पोरा, आधी इकडं ये. खाली वाक, त्याच्या तोंडासमोर. हो म्हणायचं असलं की तो डोळे वर करतो. नाही असलं की खाली. माहीत होतं तुला?

हुआंग : नाही.

आमा : आता विचार. रोज विचारायचास तेच.

हुआंग : यू-चेन... जेवलास का? आमा, तो तर काहीच—

आमा : गप्प. त्याला वेळ लागतो.

(हुआंग आणखी खाली वाकून यू-चेनच्या डोळ्यांकडे बघतो.)

आमा : बघितलंस, कुठं गेले डोळे? आण तुझा तो डबा. त्यातला भात मऊ आहे का?