पारावर बदललेल्या गोळ्या

आमच्या तिकोणा पेठेत काळजाच्या नळीत स्प्रिंग बसली की गडी लगेच अर्धा डॉक्टर होतो, बरं का. आमच्या मालकांना आणि शेजारच्या सखाराम भाऊजींना मागंपुढंच स्प्रिंग बसली. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र दोघांची वेगळी. मालकांना त्यांच्या गोळीनं दम लागायचा, भाऊजींच्या अंगावर काळेनिळे डाग उठायचे. मग डॉक्टरला सांगायचं का नाही? छे! दोघं पारावर बसले आणि भाताच्या चिखलणीला बैल बदलून घेतात तशा गोळ्या बदलून घेतल्या.

मला कळल्यावर मी ओरडले, "कुणाला इचारून?"

"सखारामला," मालक म्हणाले.

"आन् मी ह्याला," भाऊजी म्हणाले.

दोघांना दामटत तळेगावला नेलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, कुणाला कुठली गोळी, हे माणूस बघून ठरवतो आम्ही. त्रास झाला तर मला सांगा, मी बदलून देईन. तुमच्या असल्या कारभारानं एकाची स्प्रिंग तुंबेल, नाहीतर दुसऱ्याचं रक्त थांबायचं नाही!"

तरी मालक म्हणतात, "पण डॉक्टर, मला लय बरं वाटत व्हतं."

"तुमाला बरं वाटंल," मी म्हटलं, "कुंकू माझं पुसलं असतं!"

तेव्हापासून दोघांच्या गोळ्या माझ्या ताब्यात. वेळ झाली की दोघं माझ्या ओट्यावर तोंड उघडून बसतात. पारावर इतकी वर्षं ते तोंड उघडंच होतं, आता कुठं कामाला आलं.